बाड उसवताना

मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा सुटा, पिना जागेवर असलेला, कोपरे न दुमडलेला अंक क्वचितच समोर येतो. जे टिकलं ते बहुतेक बाडात टिकलं. घरातल्या कुणीतरी किंवा गल्लीतल्या वाचनालयाने दहा-बारा अंक एकावर एक रचून बाइंडरकडे दिले. त्याने कडेपासून पाव इंच आत दाभणाने भोकं पाडली, जाड दोऱ्याने शिवलं, पाठीला सरस लावून रेक्झिन चढवलं आणि उरलेल्या तिन्ही बाजू यंत्रावर कापून सरळ केल्या. पुठ्ठा होता म्हणून ते अंक रद्दीत गेले नाहीत. पण त्याच शिवणीने चित्रांच्या आतल्या कडा गिळल्या आणि त्याच यंत्राने काही मुखपृष्ठांवरची किंमत नाहीतर क्रमांक छाटला.

पुढची नोंद अशाच एका बाडाच्या कामाची आहे. सत्तरच्या दशकातले अकरा अंक, मुखपृष्ठांवर वाचनालयाचे जांभळे शिक्के, पाठीला कसर लागलेली, दोन अंकांच्या पिना गंजून कागद खाल्लेला. तपासणीपासून डब्यात ठेवेपर्यंत साधारण सहा आठवडे गेले. त्यातले बरेचसे दिवस नुसतं थांबण्यात जातात आणि ते वाचवू नयेत.

बाड विकत घेताना हाताशी दहा मिनिटं असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात असो की मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर, विक्रेता त्याहून जास्त वेळ पानं उलटू देत नाही. खिशात तीन वस्तू असाव्यात: स्टीलची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च. मोबाइलमध्ये हव्या असलेल्या अंकांची यादी.

यादी करताना एक गोष्ट आधीच लिहून ठेवावी. इंद्रजाल कॉमिक्स ‘टाइम्स ऑफ इंडिया’ काढणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. क्रमांक ८०५ पर्यंत मोजले जातात, प्रत्यक्षात अंक निघाले ८०३. टाइम्समधल्या संपामुळे १२३ आणि १२४ हे अंक छापलेच गेले नाहीत. नवा संग्राहक या दोन रिकाम्या जागांच्या मागे लागतो, आणि ‘मिळवून देतो’ म्हणणारेही भेटतात. पहिले ३२ अंक सगळे वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे. त्यानंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हे परदेशी चित्रकथांचे नायक आलटून पालटून येऊ लागले. बहादूर हा भारतीय नायक आला डिसेंबर १९७६ मध्ये. लेखन आबिद सुरतींचं, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. सुरुवातीच्या अनेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद या सहीने रंगवणारेही तेच. ही मुखपृष्ठं आपल्याकडेच रंगवलेली आहेत, परदेशी मालिकेतून उचललेली नाहीत. म्हणून मुखपृष्ठ नसलेला अंक आम्ही निम्माच धरतो, आतली कथा कितीही शाबूत असली तरी.

मराठी अंक ओळखताना कथेच्या नावावर जाऊ नये. नाव भाषांतरात बदलतं, आणि काही कथा नंतर वेगळ्या क्रमांकाने पुन्हा निघाल्या. आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात जो प्रकाशनाचा मजकूर असतो तो वाचायचा, कारण तारीख आणि क्रमांक तिथे पक्के सापडतात. अगदी पहिल्या अंकांत कथेची पानं थोडी आणि बाकी पानांवर सामान्यज्ञानाची सदरं असत. ती पानं ‘दुसऱ्या कुठल्या तरी मासिकाची घुसलीत’ समजून फाडून टाकलेले अंक पाहिले आहेत.

आता बनावट. स्कॅनवरून डिजिटल छपाई करून, चहाच्या पाण्यात पिवळे केलेले अंक बाजारात फिरतात. भिंग काळ्या अक्षरावर धरा. जुन्या छपाईत काळा रंग वेगळ्या प्लेटचा असल्याने अक्षर एकसंध काळं, कडा स्वच्छ, शेजारचा रंग हवं तर किंचित सरकलेला. स्कॅनवरून छापलेल्या अक्षरात काळ्याच्या आत निळे-लाल-पिवळे ठिपके दिसतात आणि मूळ छपाईची ठिपक्यांची जाळी धूसर होऊन त्यावर नवे ठिपके बसलेले असतात. लेझर प्रिंट असेल तर दुमडीवर शाई पापुद्र्यासारखी सुटते. मग टॉर्च. आजच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, तो अतिनील प्रकाशात निळसर उजळतो. त्या काळचा वृत्तपत्री कागद मळकट, मंद राहतो. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. भिंग आणि टॉर्च दोघांचं एकमत झालं तरच पैसे काढायचे.

पानांची मोजणी बाडात असतानाच करावी. पिनांनी शिवलेल्या अंकात प्रत्येक कागद चार पानांचा असतो, एकात एक घातलेला. ३२ पानी अंकात एका कागदाच्या एकाच बाजूला असलेल्या दोन पानांची बेरीज नेहमी ३३ येते: १ आणि ३२, २ आणि ३१, मधोमध १६ आणि १७. म्हणजे पान ५-६ फाटून गेलं असेल तर २७-२८ कशालाही न बांधलेलं, नुसतं शिवणीच्या जोरावर उभं आहे हे बाड न उघडताही कळतं. पानांची संख्या वेगळी असेल तर बेरीज एकूण पानांपेक्षा एकने जास्त, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. सगळ्यात जास्त हरवतं ते मधलं जोडपान. पिना गंजल्या की पहिल्यांदा तेच निसटतं. त्यानंतर कोडी आणि कूपनं असलेली पानं, कारण ती मुलांनी कात्रीने कापलेली असतात. कापलेल्या चौकोनाच्या मागच्या बाजूला कथेचं चित्र गेलेलं असतं हे विसरू नये.

पट्टीने उंची-रुंदी मोजून न कापलेल्या अंकाशी ताडायची. तीन मिलिमीटर गेले तर बहुतेक वेळा चालतं, पाच गेले की वरच्या चौकटी छाटल्या जातात. सेलोटेप सुकून तपकिरी झालेली चालेल, लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ मात्र घेऊ नका. ते परत कधीच सुटत नाही.

घरी आणलेलं बाड थेट कपाटात नेलं की कसर आणि पुस्तकी किडे बाकीच्या संग्रहात शिरतात. ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची, तोंड टेपने बंद करायचं, त्यावर दुसरी पिशवी, आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात वारंवार दार उघडलं की तापमान चढतं, तिथे अंडी मरत नाहीत. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड कागदावर दव धरतं आणि शिक्क्यांची जांभळी शाई पसरते. डांबरगोळ्यांनी हे काम होत नाही. त्यांचा वास कागदात बसतो आणि वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून चिकटतं. बाडावर मखमलीसारखी ओली बुरशी दिसली तर आधी सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात कोरडं होऊ द्यावं, मग घराबाहेर, एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशने झाडावी. ओली असताना झाडली तर ती कागदात घासली जाते.

पावसाळ्यानंतर पुस्तकांना ऊन दाखवायची आपल्या घरांतली जुनी सवय आहे. चांगल्या कागदाच्या पोथीला ती कदाचित सोसते, वृत्तपत्री कागदाला नाही. या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते उन्हात पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. दोन दुपारींच्या उन्हात पानाच्या कडा बिस्किटासारख्या मोडायला लागतात.

आता प्रत्यक्ष उसवणं. बाड पाठ वर करून दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये उभं धरायचं. पुठ्ठा आणि पहिलं कोरं पान यांच्या सांध्यावर धारदार पातं फिरवून दोन्ही पुठ्ठे सोडवायचे, रेक्झिन कोरडंच सोलायचं. खाली पाठीवर जे दिसतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. तपकिरी, काचेसारखा ठिसूळ थर म्हणजे सरस. पांढरट, पिठूळ थर म्हणजे खळ. रबरासारखा लवचिक थर म्हणजे पांढरा सिंथेटिक गोंद. सरस आणि खळ पाण्याने मऊ होतात, पण पाणी नुसतं लावलं तर वृत्तपत्री कागदात ते वर चढतं आणि सुकताना तपकिरी रेघ सोडतं. म्हणून मेथिल सेल्युलोजचा (पाण्यात फुगून जेलीसारखी होणारी पावडर) घट्ट गोळा वापरायचा: १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम पावडर, रात्रभर फुगू द्यायची. पाठीवर तीन-चार मिलिमीटर जाड थर द्यायचा, वर प्लास्टिकची पट्टी, वीस मिनिटं. मग बोथट प्लास्टिकच्या पात्याने खरवडायचं. एका वेळी पाठीचा तीन-चार इंचांचाच भाग घ्यावा. सिंथेटिक गोंद मात्र असा विरघळत नाही, किंचित फुगून पांढरा होतो तेवढाच. तो चिमट्याने तुकड्या-तुकड्याने सोलायचा आणि जिथे कागद सोबत उचलला जातो तिथे थांबायचं. उरलेला गोंद दुमडीच्या मागे राहिला तरी बिघडत नाही.

खळ हिरवट-निळसर झाक मारत असेल तर तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) आहे. किडे लागू नयेत म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालत आलेत. त्याने किडे थांबतात, पण तांबं कागदाचे तंतू कुजवतं. अशा बाडांत पाठीलगतची पट्टी गडद तपकिरी होऊन हाताने चुरते. ती खळ शक्य तेवढी खरवडून काढावी लागते, नाहीतर दुरुस्तीचा कागदही तिथेच कुजतो.

शिवणीचा दोरा एका टोकाने ओढून काढायचा मोह होतो. तसा ओढला की करवतीसारखा कागद कापत येतो. प्रत्येक टाका वेगळा कापायचा, वरच्या अंकाच्या कव्हरवरून आणि खालून, आणि तुकडे चिमट्याने सरळ वर उचलायचे. मग एकेक अंक हाडाच्या पट्टीने शेजारच्यापासून सुटा करायचा. या बाडात अंकाच्या मागच्या कव्हरवर पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठाची शाई उमटलेली होती. दमट जागेत दाबून राहिल्यावर असं होतं. हा डाग पुसायच्या फंदात पडू नये, पुसला की खालचा रंगही येतो.

प्रत्येक अंक सुटा झाला की लगेच पुन्हा पानमोजणी, आणि कागदाच्या चिठ्ठीवर क्रमांक, पानं, उणिवा. अंकावर काहीही लिहायचं नाही.

गंजलेल्या पिनांबद्दल संग्राहकांत दोन तट आहेत. मूळ पिन म्हणजे अंकाचं मूळ रूप, ती काढली की मोल उतरतं, असं एक म्हणणं. आमचा नियम असा: पिनेवर नुसता तांबूस रंग असेल तर हात लावायचा नाही. गंजाची पापुद्री सुटून कागदाला तपकिरी वलय पडलं असेल तर पिन जायलाच हवी, कारण गंज थांबत नाही आणि दहा-वीस वर्षांत तिथे भोकाऐवजी खिडकी होते. काढताना अंक मधल्या पानावर उघडायचा, पातळ बोथट पातं पिनेच्या पायाखाली सरकवून पाय उभा करायचा, दोन्ही पाय सरळ झाले की कव्हरच्या बाजूने पिन उचलायची. पायाखाली मास्किंग टेपसारखं काही ठेवू नये, पातळ पॉलिएस्टरचा तुकडा ठेवला तर कागद ओरखडत नाही. आतला गंज सुक्या ब्रशने झाडायचा. काढलेल्या पिना आम्ही छोट्या पाकिटात अंकासोबतच ठेवतो, कुणाला मूळ पाहायची असेल तर पाहावी.

पानांची सफाई कोरडीच. मऊ बकरीच्या केसांचा ब्रश, मधून बाहेर. धुळीचे पट्टे असतील तर पांढऱ्या खोडरबराचा किसणीवर केलेला भुगा पानावर पसरून बोटांच्या टोकांनी हलकेच गोल फिरवायचा आणि भुगा पूर्ण झाडून टाकायचा. पेन्सिलने लिहिलेली नावं आम्ही पुसत नाही. वाचनालयाचा शिक्काही नाही. त्या शिक्क्यावरूनच कळतं की वेताळ कुठल्या गल्लीत भाड्याने वाचला गेला, आणि तो पुसायला लागणारी रसायनं मुखपृष्ठाचा रंग आधी खातात.

सेलोटेपचा प्लास्टिक पापुद्रा बहुतेकदा आपोआप सुटलेला असतो, मागे पिवळा चिकट डाग राहतो. पापुद्रा अजून धरून असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची मंद गरम हवा, वीत-दीड वीत अंतरावरून, आणि पात्याने अगदी आडवं उचलणं. चिकटा क्रेप रबराच्या खोडरबराने गोळा होतो. डाग जात नाही, राहू द्यावा.

फाटलेल्या दुमडी जोडायला जपानी कोझो कागद (तुतीच्या सालीचा, पातळ पण चिवट), ६ ते १० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा, आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. सत्त्व म्हणजे निव्वळ स्टार्च, मैदा नव्हे. मैद्यातल्या ग्लुटेनने जोड कडक होतो आणि किड्यांना आमंत्रण मिळतं. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, तासभर भिजवून दुहेरी भांड्यात वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवायचं. दुधासारखं मिश्रण घट्ट होतं, मग अर्धपारदर्शक. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळायचं आणि पाणी घालून सायीइतकं पातळ करायचं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्यावी.

कोझोची पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशची रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोडाची उंच रेघ उमटत नाही. दुमडीसाठी आठ मिलिमीटर रुंदी पुरते. पट्टीला खळ लावून जादा ओल टीपकागदावर उतरवायची, मग ती पानावर ठेवायची. वरून नॉन-वोव्हन पॉलिएस्टर कापड, टीपकागद, काच, दोन किलो वजन. दहा मिनिटांनी टीपकागद बदलायचा, मग रात्रभर. इथे सगळे एकच चूक करतात: खळ जास्त लावतात. पान सुरकुततं, आणि वृत्तपत्री कागद एकदा सुरकुतला की पुन्हा सपाट होत नाही.

कागद सुटे असताना, दुरुस्ती होऊन शिवण व्हायच्या आधी, स्कॅनिंग उरकून घ्यावं. अशी संधी पुन्हा येत नाही, कारण शिवलेल्या अंकाची मधली दुमड काचेवर बसतच नाही. ६०० डीपीआय, टिफ फाइल, आणि पानाच्या मागे काळा कागद. पांढरा ठेवला तर मागच्या पानावरची चित्रं पुढे झिरपलेली दिसतात.

नवीन शिवण जुन्या पिनांच्याच भोकांतून, बारीक लिननच्या दोऱ्याने, गाठ आतल्या बाजूला. दाभणाची भोकं तशीच सोडली. ती बुजवायला लागलो असतो तर अकरा अंकांत काही शे चकत्या चिकटवाव्या लागल्या असत्या आणि पाठीची कड फुगली असती.

अमेरिकन कॉमिक्ससाठी मिळणाऱ्या पिशव्या आपल्या अंकांना बसतील असं गृहीत धरू नये. तिकडच्या नेहमीच्या पिशव्या उंचीला साडेदहा इंच, रुंदीला पावणेसात ते साडेसात इंचांच्या आसपास. आधी आपला अंक मोजावा, रुंदीत पाच-सहा मिलिमीटर सैल जागा हवी. पॉलिएस्टरचं ५० मायक्रॉनचं पाकीट उत्तम, पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि चालण्यासारखं, पीव्हीसी कधीच नाही. पाठीमागचा आधार अ‍ॅसिड-फ्री बोर्डाचा घ्यावा. स्टेशनरीच्या दुकानातला राखाडी पुठ्ठा रद्दीच्या लगद्याचा असतो, त्याचं आम्ल अंकाच्या मागच्या कव्हरवर तपकिरी सावली टाकतं.

घट्ट झाकणाच्या वीस-पंचवीस लिटरच्या डब्यात अंक उभे, आधाराला बोर्ड, आणि शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल. नारंगी रंगाचं घ्यावं, ओल धरली की ते हिरवं होतं. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तासांत पुन्हा कोरडं होतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक. कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलैमध्ये ५० टक्क्यांचा हट्ट धरून चालत नाही. ६० च्या खाली राहिलं तरी काम भागतं, ६५ ओलांडलं की बुरशीची वेळ सुरू होते. डबा लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या, जमिनीपासून वीतभर तरी वरच्या फळीवर.

अकरापैकी नऊ अंक पूर्ण निघाले. एकात मधलं जोडपान नाही, दुसऱ्याला मागचं कव्हर नाही. बाडाच्या तळाशी मात्र एक सुटा कागद सापडला, यातल्या कुठल्याच अंकाचा नसलेला. पानं ९, १०, २३ आणि २४, मॅन्ड्रेकची कथा. तो सपाट करून वेगळ्या पाकिटात घातला आहे, वर पानांचे आकडे आणि पहिल्या चौकटीतलं वाक्य लिहून. अशा अनाथ कागदांचं एक पाकीट प्रत्येक संग्राहकाने ठेवावं आणि इतरांच्या यादीशी ताडत राहावं. कागद जुळला तर घालावा, पण अंकाच्या चिठ्ठीवर ‘कागद ९-१०/२३-२४ दुसऱ्या प्रतीतून’ असं स्पष्ट लिहून.